‘चर्चा करावी’ : आमच्या फिल्म क्लबच्या कार्यकारिणीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपला फिल्म क्लब, ठाणे.

विषय : चित्रपटानंतरची चर्चा कायमची बंद करण्याबाबत.
संदर्भ : सोमवारी रात्री साडेअकराला ग्रुपवर आलेला आपला संदेश.

महोदय, महोदया,

छत्तीस वर्षं मंत्रालयात नोकरी केली. विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही, तेवढं चालवून घ्या.

आपला संदेश दोनच वाक्यांचा. ‘मागील रविवारी घडलेला प्रकार लक्षात घेता यापुढे चित्रपटानंतर चर्चा ठेवण्यात येणार नाही. सभासदांनी आपली मते लेखी द्यावीत.’ खाली पटापट अंगठे आले, दोघांनी हात जोडले, एकाने ‘योग्य निर्णय’ असं लिहिलं. योग्य निर्णय म्हणणारे हे गृहस्थ त्या रविवारी आलेच नव्हते. असो. लेखी मत मागितलंत, हे घ्या. फक्त सूचनापेटीत न टाकता उघड्यावर ठेवते आहे. पेटीची किल्ली गेल्या दिवाळीपासून सापडत नाही हे मला माहीत आहे.

‘घडलेला प्रकार’ हे शब्द माझ्या फार ओळखीचे. सरकारी भाषेत ते वापरले की नेमकं काय घडलं ते लिहावं लागत नाही. म्हणून आधी तेच लिहिते.

‘सिंहासन’ लावला होता. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९७९ साली हा चित्रपट केला. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, हे आपल्या पत्रकात होतंच. मुख्यमंत्र्यांची खुर्ची डळमळते आहे, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे तिच्यावर डोळा ठेवून आहेत, कामगारनेता डिकास्टा आपलं वजन कुठल्या पारड्यात टाकावं याचा अंदाज घेतोय आणि दिगू टिपणीस नावाचा पत्रकार या सगळ्यांमध्ये ये-जा करत सगळं बघतोय. शेवटी दिगू रस्त्यावर येऊन हसत सुटतो, भान हरपल्यासारखा. दिवे लागले तेव्हा त्या हसण्यावर कुणाला काय बोलावं ते सुचत नव्हतं. अर्धा मिनिट हॉल गप्प होता. मग पहिला हात वर गेला.

तो हात होता तिसऱ्या रांगेतल्या काकांचा. त्यांनी येताना कादंबरीची स्वतःची प्रत आणली होती. कागद बिस्किटाच्या रंगाचे झालेले, पुठ्ठा सुटू नये म्हणून रबरबँड लावलेलं. त्यांचं म्हणणं असं की सिनेमानं मुंबई मारली. ‘मुंबई दिनांक’मध्ये मुख्यमंत्र्यापासून झोपडीपर्यंत सगळं शहर एका दमात धावतं, तिथं राजकारण हा त्या गर्दीतला एक आवाज आहे. पडद्यावर मात्र उरले ते दिवाणखाने, केबिनी आणि टेलिफोन. शहर आहे, पण खिडकीबाहेर. काका हे बोलताना पुस्तक उघडत नव्हते, नुसतं हातात धरून हलवत होते, कोर्टात पुरावा दाखवतात तसं.

मला त्यांचं अर्धं पटलं. दोन कादंबऱ्या एका सिनेमात बसवायच्या म्हणजे दोन कुटुंबं एका खोलीत राहायला आणण्यासारखं. सामान बाहेर काढावंच लागतं, आणि तेंडुलकरांनी जे बाहेर काढलं त्यात शहराचा घाम बराचसा गेला. पण काकांनी एक गोष्ट हिशेबात धरली नाही. कादंबरीत दिगू हा आपल्या डोक्यातला माणूस असतो, प्रत्येकाचा वेगळा. सिनेमात तो निळू फुले असतो. चार-पाच वर्षांपूर्वी याच दिग्दर्शकाच्या, याच तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘सामना’त त्यांनी साखरसम्राट उभा केला होता. ज्या नटाच्या नावानं गावोगावच्या बायका बोटं मोडायच्या, त्याला इथं सत्तेच्या समोरच्या बाजूला, नुसतं बघण्याच्या कामावर बसवलं. आणि ‘सामना’त ज्या श्रीराम लागूंनी त्या साखरसम्राटाला प्रश्न विचारून सळो की पळो केलं, ते इथं सत्तेच्या मागे लागलेले दाभाडे. खुर्च्यांची ही अदलाबदल छापील पानात करताच येत नाही. ती पाहण्यासाठी दोन्ही चित्रपट लक्षात असलेला प्रेक्षक लागतो, आणि तेव्हा तो होता.

दुसरा हात, हात कसला, ते उभेच राहिले, मागच्या रांगेतल्या पांढऱ्या सफारीवाल्या आजोबांचा. त्यांचं एकच वाक्य, ‘आजही तंतोतंत!’ त्यावर टाळ्या पडल्या. तुम्हाला आठवत असेल, सिनेमा चालू असताना मुख्यमंत्र्यांचं नाव जिवाजीराव शिंदे आहे हे पहिल्यांदा कानावर आलं तेव्हाच हॉलमध्ये हशा पिकला होता. अरुण सरनाईक बिचारे पडद्यावर गंभीर चेहऱ्यानं बसलेले आणि खाली लोक खिदळतायत. मग आजोबांनी नावं लावायला सुरुवात केली. हा म्हणजे वसंतराव नाईक, तो म्हणजे जॉर्ज फर्नांडिस, आणि आजच्या हिशेबानं हा म्हणजे अमुक आणि तो म्हणजे तमुक. आजच्या हिशेबातलं दुसरं नाव आलं आणि डाव्या बाजूच्या दोन तरुणांचा पारा चढला. ‘आमच्या साहेबांचं नाव घ्यायचं काम नाही.’ तिथून आवाज वाढला. आपण ‘प्रकार’ म्हणता तो बहुधा इथपासून मोजता.

या ‘तंतोतंत’वर मला त्या दिवशी बोलायचं होतं, बोलायला मिळालं नाही. ते इथं लिहिते, जरा लांबेल.

‘सिंहासन’ ही कादंबरी आली १९७७ मध्ये. पुढच्याच वर्षी, जुलै १९७८ मध्ये, शरद पवार वसंतदादांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे, मुख्यमंत्री झाले. म्हणजे चित्रपट तयार होत होता तेव्हा राज्यात जे सरकार होतं तेच मुळात आधीचं सरकार पाडून आलेलं. आणि त्याच मुख्यमंत्र्यांनी या चित्रपटाला मंत्रालयात चित्रीकरणाची परवानगी दिली! खुर्ची कशी हलवतात याची गोष्ट, खुर्ची हलवून आलेल्या माणसाच्या परवानगीनं, खऱ्या खुर्चीच्या इमारतीत. हे जाहीर आहे, यात मी काही गुपित फोडत नाही. आज कुठला मुख्यमंत्री अशी परवानगी देईल, हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी पहिली टाळी वाजवली असती. ‘तंतोतंत’ म्हणणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

बाकीही फरक आहेत. सिनेमातल्या त्या काळात पक्षांतरबंदीचा कायदाच नव्हता. आमदार सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे, त्याला विचारणारं कुणी नाही. १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली, दहावी अनुसूची आली. मग एक-तृतीयांश आमदार फुटले तर चालतं ही वाट राहिली, ती २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं बंद झाली. त्याच दुरुस्तीनं मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली, आपल्या २८८ च्या विधानसभेत ती ४३ मंत्र्यांवर येते. जिवाजीरावांच्या काळच्या मुख्यमंत्र्याला असंतुष्टांना गप्प करायला लागतील तेवढी मंत्रिपदं काढता यायची. आता मोजूनमापून. म्हणून मग डाव केबिनमधून उठून हॉटेलांत, विमानांत आणि शेवटी न्यायालयात गेले. शिवसेनेच्या फुटीवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे २०२३ मध्ये आणि विधानसभा अध्यक्षांचा निर्णय जानेवारी २०२४ मध्ये आला. प्रतोद कुणाचा खरा, मूळ पक्ष कुणाचा, यावर शेकडो पानं लिहिली गेली. दाभाड्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी चष्मा काढून पुसला असता.

आणि बातमी. दिगूचं सगळं भांडवल काय, तर जे त्याला माहीत आहे ते अजून कुणाला माहीत नाही. तेव्हा मुंबईत एक दूरदर्शन होतं, तेही सरकारी. आज २३ नोव्हेंबर २०१९ ची ती सकाळ आठवा. राजभवनातला फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी आपण चहाचा कप हातात घेऊन टीव्हीवर पाहिला, आणि दिगूच्या व्यवसायातल्या भल्याभल्यांनाही तो आपल्याबरोबरच कळला.

तेव्हा ‘आजही तंतोतंत’ म्हणून टाळी घेणाऱ्यांवर माझा राग नाही, पण कुरकुर आहे. ते म्हटलं की पुढे काही बघावं लागत नाही. तेव्हाही असंच होतं, आताही असंच आहे, चला, घरी वरणभात वाट पाहतोय. नावं लावायचा खेळ तर मला ज्योतिषासारखा वाटतो. साधू स्वतः पत्रकार होते, त्यांनी माणसं जवळून पाहिली होती, ती कुठं ना कुठं डोकावणारच. पण एका पात्रात चार जणांची शेपटं बसवलेली असतात, आणि आपण एकच शेपूट धरून ‘सापडला, सापडला’ ओरडतो.

तरी आजोबांना बोलू द्यायला हवं होतं. त्यांना हे उत्तर तिथंच मिळालं असतं, आणि त्यांच्याकडेही उत्तर असणार. त्या पिढीनं नुसता सिनेमा पाहिलेला नाही, सिनेमाच्या आधीचा आणि नंतरचा महाराष्ट्रही पाहिलाय.

तिसरं मत फार थोडक्यात आलं. उजवीकडच्या एका बाईंनी विचारलं, या सगळ्या डावात एक तरी बाई खेळाडू म्हणून आहे का? घरात आहेत, दुःखात आहेत, फोनच्या पलीकडे आहेत, पण पट मांडलाय तिथं कुणी नाही. कुणीतरी म्हणालं, ‘तेव्हा नव्हत्याच ना.’ त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, ‘बरं.’ इतकं जड ‘बरं’ मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. हे बोलणं इथंच मेलं कारण डावीकडे तोवर साहेबांवरून जुंपली होती.

आणि मग ती मुलगी बोलली. पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणाली, आपल्याकडे पहिल्यांदाच आलेली. तिचा प्रश्न आपल्या गोंगाटात किती जणांनी ऐकला मला शंका आहे, म्हणून जवळपास तिच्याच शब्दांत देते. ‘मला सगळे सांगतायत की दिगू टिपणीस म्हणजे सामान्य माणसाची सद्सद्विवेकबुद्धी. पण तो पत्रकार आहे ना? त्याला सगळं कळतंय. मग तो छापत का नाही? शेवटी वेड्यासारखा हसतो, त्याचं आपल्याला वाईट का वाटावं? मला तर त्याचा राग आला.’

पुस्तकवाले काका चमकून मागे वळले. सफारीवाले आजोबा म्हणाले, ‘अगं, त्या काळी असंच असायचं. बसून गप्पा मारायच्या, मनात ठेवायचं.’ ती म्हणाली, ‘मग मनात ठेवणाऱ्याला हीरो का म्हणायचं?’ यावर एकदम पाच-सहा जण बोलायला लागले. कुणी म्हणे तुला काळ कळलेला नाही, कुणी म्हणे अगदी बरोबर बोलतेय. तेवढ्यात डावीकडचा एक तरुण खुर्ची सरकवून उठला, कुणाची तरी स्टीलची बाटली पडली आणि घरंगळत थेट पडद्याखाली गेली. आणि आपण दिवे घालवलेत. पंखेही बंद केलेत. अंधारात लोक मोबाइलचे टॉर्च लावून चपला शोधत होते.

तर घडलेला प्रकार हा असा. कुणाचा कुणाला हात लागला नाही. एक बाटली चेपली, ती माझीच.

आता माझं सांगते. मी १९८१ मध्ये लिपिक-टंकलेखक म्हणून लागले, बावीस वर्षांची होते. ‘सिंहासन’ तेव्हा पाहिलेला नव्हता, पण ज्या इमारतीत त्याचं चित्रीकरण झालं त्याच इमारतीत शिरले. १९७५ पर्यंत तिचं नाव सचिवालय होतं आणि आमच्यातले जुने लोक तेव्हाही ‘सचिवालय’च म्हणायचे. पहिल्या पाच वर्षांत मी पाच मुख्यमंत्री पाहिले. अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण. त्यामुळे सरकार बदलणं म्हणजे काय हे मला विचाराल तर मी सांगेन, स्क्रू-ड्रायव्हर. दारावरची पाटी काढायला येणारा शिपाई खिशात तो घेऊन यायचा. चार स्क्रू. तीन पटकन निघायचे, चौथा गंजलेला असायचा.

एकदा संध्याकाळी मला थांबवून घेतलं आणि एक यादी टाइप करायला दिली. नावं आणि त्यांच्यासमोर खाती. बाहेर कुणालाच अजून ठाऊक नव्हतं. एक मूळ प्रत, तीन कार्बन. काम झाल्यावर साहेबांनी कागद घेतले, मग हात पुढे करून कार्बनपेपरही मागून घेतले. नवा कार्बन एकदाच वापरला की उजेडासमोर धरून त्यावरची सगळी अक्षरं उलटी वाचता येतात, तुमच्यापैकी ज्यांनी टाइपरायटर वापरलाय त्यांना माहीत असेल. त्यांनी ते घडी करून शर्टाच्या खिशात ठेवले. खिशावर निळा डाग पडला, त्याची मला उगाच रुखरुख लागली.

त्या रात्री उशिराच्या गाडीला लेडीज डब्यात नेहमीच्या दोघी-तिघी होत्या. मंत्रालयातली म्हणून मला विचारायच्याच, ‘काय गं, कुणाला कुठलं खातं?’ मी म्हटलं, ‘मला काय कळतंय, मी साधी टायपिस्ट.’ आणि मटार सोलायला घेतले. डोक्यात सगळी यादी जशीच्या तशी, रकान्यांसकट.

त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. गुपित ठेवणं हेच माझं काम होतं, त्याचाच पगार होता. पण मी पुढे ‘सिंहासन’ पाहिला, एकदा नव्हे तीनदा, तेव्हा दर वेळी मला दिगू जवळचा वाटला. सगळं ठाऊक, हातात काही नाही, आतल्या आत उसासे. वाटायचं, हा आपलाच माणूस. त्या मुलीनं विचारेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की माझं आणि दिगूचं काम उलटं आहे. मला न सांगण्याचा पगार मिळत होता, त्याला सांगण्याचा. मी गप्प बसले ते नियमानं. तो कशानं?

चौथ्यांदा सिनेमा पाहून, पासष्टी उलटल्यावर, मला हा प्रश्न पडला, तो सिनेमामुळे नाही पडला. त्यानंतरच्या त्या बारा-पंधरा मिनिटांच्या गोंधळामुळे पडला. घरी एकटीनं लॅपटॉपवर पाहिला असता तर मी पुन्हा दिगूसाठी हळहळून झोपून गेले असते.

मुलीचं सगळंच मला मान्य आहे असंही नाही. मला वाटतं दिगूला तोडून टाकतं ते राजकारण्यांचं वागणं नाही. त्यांना तो कोळून प्यायलेला आहे. त्याला तोडतं ते हे की आपण इतके जवळ असूनही खेळात आपली गणती नाही. साधूंनी पत्रकाराला निर्दोष सोडलेलं नाही, जब्बार पटेलांनीही नाही, आणि निळूभाऊंच्या त्या हसण्यात मला लाज ऐकू येते. पुस्तकवाल्या काकांना कदाचित वेगळं ऐकू येत असेल. सफारीवाल्या आजोबांना सुरेश भटांच्या ‘उषःकाल होता होता’ या ओळी आठवत असतील, कारण ते गाणं आशाबाईंच्या आवाजात बाहेर इतकं मोठं झालं की मोर्चेकऱ्यांनी ते सिनेमातून उचलून नेलं. मशाली पेटवा म्हणणारं गाणं आणि एकही मशाल न पेटवणारा नायक, हे दोन्ही एकाच चित्रपटात कसे, यावर खरं तर एक पूर्ण रविवार बसता येईल. हृदयनाथांच्या चालीवर दुसरा.

सांगायचं हे की त्या दिवशी लोक सिनेमा सोडून भांडत नव्हते. साहेबांवरून तापलेले ते दोघं धरले तरीही नाही. ज्या चित्रपटात कोण बरोबर हे दिग्दर्शक सांगत नाही, तो संपल्यावर लोक ते आपसात ठरवायला जाणारच. सगळे गुण्यागोविंदानं ‘छान होता’ म्हणून उठले असते तर मी म्हटलं असतं, रीळ उलटं लागलं होतं की काय.

आमच्याकडे नस्तीवर वरिष्ठ कधीकधी दोनच शब्द लिहायचे, ‘चर्चा करावी’. दिसायला किती लोकशाही! अर्थ असा की फाइल आली तशी खाली पाठवा आणि महिनाभर तरी वर आणू नका. तेव्हा चर्चा या शब्दाचा मला फार पुळका आहे असं समजू नका. तो शब्द वापरून काम कसं मारतात हे मी चांगलं पाहिलंय. पण तुम्ही त्याच्याही पुढे गेलात, तुम्ही शेरा मारलात ‘चर्चा नको’. मंत्रालयात असं लिहिण्याची हिंमत कुणी केली नव्हती.

माझी मागणी साधी आहे. दिवे लागल्यावर दहा मिनिटं चहा ठेवा. तापलेला माणूस हातात गरम कप असताना खुर्ची सरकवत नाही, हा माझा अनेक बैठकांचा अनुभव आहे. मग एकेकानं उठून बोलावं, तीन मिनिटं, घड्याळ मी धरते. आजच्या पुढाऱ्यांची नावं घेऊ नयेत असा नियम करण्याचं आपल्यापैकी काहींच्या मनात आहे असं कळलं. करू नका. राजकीय कादंबरीवरचा सिनेमा दाखवायचा आणि राजकारण बोलू नका म्हणायचं, हे जेवायला बोलावून तोंड उघडू नका म्हणण्यासारखं आहे. नाव घेतलं तर घेणाऱ्यानं सिनेमातला प्रसंगही सांगावा, एवढी अट पुरे. अर्धी नावं तिथंच गळतील.

पुढच्या वेळी ‘काहीतरी हलकंफुलकं’ लावायचं घाटतंय म्हणे. त्याऐवजी ‘उंबरठा’ लावा. जब्बार पटेलांचाच आहे, १९८२ चा, शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून केलेला. स्मिता पाटील त्यात महिलाश्रम चालवायला घराबाहेर पडते. त्या ‘बरं’ म्हणणाऱ्या बाईंना पुन्हा बोलवा. त्यांना अर्धवट तोडल्याचं मला राहून राहून लागतंय.

एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत नसेल, कारण तुम्ही मागच्या दारानं निघालात. दिवे गेल्यावर आम्ही सगळे जिन्यात अडकलो होतो. २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, पुढे सगळं नव्यानं बांधलं, ते जुने व्हरांडे आता या सिनेमात तेवढे उरलेत, असं मी कुणाला तरी सांगत होते. पुढे दोन पायऱ्या खाली पुस्तकवाले काका आणि ती मुलगी. काका अजून चिडलेलेच होते. म्हणाले, ‘तू कादंबरी वाचली आहेस का?’ ती म्हणाली, ‘नाही. मिळाली तर वाचेन.’ काकांनी हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, रबरबँड नीट केलं आणि पुस्तक तिच्या हातात ठेवलं. म्हणाले, ‘पुढच्या खेळाला परत आण. आणि दिगूबद्दल तेव्हाही हेच म्हणणं असेल तर सगळ्यांसमोर सांग, मी उत्तर देईन.’

तिनं पुस्तक पिशवीत घातलं. पुढचा खेळ तिसऱ्या रविवारी आहे. तिनं नेमकं कुठं आणि किती वाजता सांगायचं, तेवढं ग्रुपवर कळवावं.

आपली,
एक आजीव सभासद
(निवृत्त कक्ष अधिकारी)
ठाणे

ता. क. : चहाचे दोन मोठे थर्मास मी घेऊन येईन. कप क्लबच्या कपाटात आहेत, त्याची किल्ली तरी असेल अशी आशा.